शाईला शाबास, मला 'ठीक आहे'

ताई, तुमच्या शोकसभेत सगळे खरं बोलले, मी एकटी खोटं बोलले. माईक हातात आला आणि मी म्हटलं, "कुंदाताईंनी मला सगळं दिलं." लोकांच्या माना हलल्या. माझी आई पहिल्या रांगेत पदर तोंडाला लावून बसली होती, तीसुद्धा रडली.

सगळं नाही दिलं तुम्ही मला. एक गोष्ट पाच वर्षं हात आखडून ठेवली आणि मग एका कुत्र्याच्या पिल्लाला देऊन टाकली. रोज, दिवसातून वीस-वीस वेळा, माझ्या डोळ्यांदेखत. तुम्ही गेल्यावर हा राग जाईल असं वाटलं होतं. गेला नाही. म्हणून आता लिहायला बसले आहे, तुम्ही शिकवलं तसं, आधी मुद्दा आणि मग बाकीचं. मुद्दा हा की मला शाईचा हेवा वाटत होता. आजही वाटतो.

मी एकोणीस वर्षांची असताना लोधीखेड्याहून सौंसरला आले आणि बस स्टँडजवळच्या तुमच्या फोटोकॉपीच्या दुकानात पहिलं पत्रक घेऊन उभी राहिले. हातानं लिहिलेलं, दोन्ही बाजूंनी भरलेलं. संत्र्याच्या पॅकिंगवर फळं निवडणाऱ्या बायांसाठी होतं ते. माझी आई त्यांच्यातलीच. मला पन्नास कॉप्या पाहिजे होत्या. तुम्ही कागद मशीनवर ठेवलाच नाही. उभ्या उभ्या वाचला आणि लाल पेन काढला.

"हे कोणासाठी आहे वं?"

"बायांसाठी."

"मंग 'प्रस्थापित शोषक व्यवस्था' म्हणजे काय, हे तुह्या मायले समजन का?"

तुम्ही सगळं खोडलं आणि खाली तीन ओळी लिहिल्या. सावली पाहिजे. पाणी पाहिजे. संडास पाहिजे. "एका ओळीत एकच मागणी ठेव," म्हणालात. "दोन मागितल्या की मालक सोपीवाली देते अन् दुसरी विसरते." प्राथमिक शाळेत उभी हयात घालवलेली बाई तुम्ही. निवृत्त झाल्यावर मशीन घेतलं आणि अख्ख्या गावाचे अर्ज दुरुस्त करत बसलात. त्या दिवसापासून मी तुमची झाले. पाच वर्षांत किती पत्रकं लिहिली असतील मी! प्रत्येक मसुदा तुमच्या टेबलावरून गेला. सगळ्यात चांगला जमला तेव्हा तुम्ही चष्मा वर करून म्हणायच्या, "ठीक आहे." माझी कमाई ती. मी त्यावर आठवडा काढायचे.

मग गेल्या संत्र्याच्या हंगामात माझ्या आईनंच ती आफत तुमच्या दारात आणली. पॅकिंगच्या मैदानावर कुत्री ट्रकखाली गेली, मागं एक काळं पिल्लू राहिलं. आईनं त्याला संत्र्याच्या खोक्यात बसवलं आणि दुकानात आणून ठेवलं. "ताई, संध्याकाळपर्यंत राहू द्या." संध्याकाळी आई परत आली तेव्हा पिल्लाचं नाव शाई पडलेलं होतं आणि ते तुमच्या पायावर झोपलं होतं.

घरमालक शेषरावजी दुसऱ्याच दिवशी जिना उतरून आले. "कुंदाबाई, पिल्लू ठेवा, माही ना नाही. पर भुंकलं तं चालणार नाही. वर माही माय बिमार आहे, तिले दिवसाच थोडी झोप लागते. भुंकलं की रामाकोन्याले पोहोचवा, तुमच्या भावाच्या बागेत." बागेतली कुत्री मी पाहिली आहेत. खुंट्याला साखळी, साखळीला कुत्रं, आणि दिवसभर वानरांवर भुंकायचं. तिथं भुंकणाराला भाव, इथं भुंकणाराला हद्दपारी. तुम्ही शेषरावजींना फक्त "हाव" म्हणालात आणि टाचण्यांची रिकामी डबी काढून तिच्यात वाळल्या पोळीचे शेंगदाण्याएवढे तुकडे भरलेत.

तिथून सुरू झालं ते शाबास.

शाई बसली, "शाबास." बूड जमिनीला टेकायच्या क्षणालाच, पाव सेकंदही इकडंतिकडं नाही. समोरचा पंजा उचलून नमस्ते केलं, "शाबास वं माही बाई." तुमच्या तळव्याला नाक लावलं, शाबास. स्वतःभोवती एक फेर घेतला, शाबास. मी बाजूला बसून अर्ज टाईप करत होते आणि एका दुपारी मोजले, अकरा. अकरा शाबास, तेही अजून धड चालता न येणाऱ्या जिवाला! माझं 'ठीक आहे' मात्र आठवड्याला एक.

तुकड्यासाठी ती एकदा जरी भुंकली की तुम्ही पाठ फिरवायच्या. रागावणं नाही, "हट" नाही, काही नाही. भिंतीकडं तोंड करून हाताची घडी घालून उभ्या. काउंटरवर गिऱ्हाईक आधार कार्ड हातात धरून तुमच्या पाठीकडं पाहतंय आणि तुम्ही हलायचं नाव नाही. एकदा एक म्हातारे गृहस्थ मला हळूच म्हणाले, "बाईची तब्येत बरी आहे ना?" शाई चूप झाली की तुम्ही मनातल्या मनात तीन मोजायच्या, मग वळायच्या, मग तुकडा. मला सांगायच्या, "ओरडून तिले चूप करशील तं तिले वाटन, हेबी भुंकून राहिली माह्यासंगं." शिकवणीही पाच मिनिटांचीच. ती उड्या मारायला लागली, जोशात आली, की डबीचं झाकण बंद. "जोश चढला की तोंड उघडते," म्हणायच्या. हे तुम्ही माझ्याकडं पाहून म्हणायच्या का, हे मला विचारायचं होतं. राहून गेलं.

शाबास एक वेळ सहन केलं असतं. पण 'उगी'? बसचा भोंगा वाजला, शाई टेबलाखाली थरथरली, आणि तुम्ही खाली वाकून तिच्या कानाशी म्हटलं, "उगी, उगी, माह्या सोन्या." तुमचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. पॅकिंगच्या मुकादमानं सगळ्या बायांसमोर माझं पत्रक फाडून माझ्या अंगावर फेकलं होतं, त्या दिवशी मी तुमच्या मशीनमागं बसून रडले होते. आठवतं? मला तुम्ही काय म्हणालात? "नाक पूस. दुसरा मसुदा काढ." तो मसुदा चांगला झाला, मान्य. त्यावर पाण्याची टाकी मिळाली, तेही मान्य. पण ताई, आधी एकदा उगी म्हटलं असतं तर मसुदा बिघडला असता काय?

आता जे शोकसभेत सांगायला पाहिजे होतं ते सांगते.

तुम्ही दोन दिवस छिंदवाड्याला भाचीच्या लग्नाला गेलात आणि दुकान माझ्यावर सोपवलं. आमची सभा तोंडावर आली होती. घोषणा माझी होती, "बोल बाई बोल!" मला त्या घोषणेचा फार अभिमान. मनाशी म्हटलं, शाईला 'बोल' म्हटल्यावर भुंकायला शिकवू, सभेत हशा पिकेल, बायांची भीड जाईल. हे मी स्वतःला सांगितलेलं कारण. खरं कारण एवढंच की तिनं एकदा तरी माझ्या शब्दावर काहीतरी करावं. मी पोळीचा तुकडा तिच्या डोक्यावर धरला आणि "बोल! बोल!" करत राहिले. ती बसली, तिनं नमस्ते केलं, फेर घेतला, तुम्ही शिकवलेलं सगळं करून पाहिलं. शेवटी वैतागून भुंकली. मी तुकडा दिला. संध्याकाळपर्यंत पक्कं झालं. मी म्हटलं, "शाबास," आणि माझा आवाज अगदी तुमच्यासारखा आला. मला एवढा आनंद झाला की मी दुकान बंद करून पुन्हा चार वेळा तेच केलं.

तुम्ही परत आलात. पहिलं गिऱ्हाईक आलं. इतकी वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणत होतात तेच तुम्ही म्हणालात, "बोला."

शाई भुंकली.

फोन वाजला. "हां, बोल." शाई भुंकली. फोटोकॉपीला आलेल्या बाईनं नवऱ्याला कोपर मारलं, "तुमी बोला ना," तरी शाई भुंकली. आपल्या गावात मराठीत बोला की हिंदीत, अर्ध्या गोष्टी त्या एका शब्दापासून सुरू होतात, हे पत्रकं लिहिणाऱ्या मला कळायला नको होतं? दोन दिवसांत तिला शब्दाचीही गरज उरली नाही. डबी दिसली, भुंक. तुम्ही खुर्चीवर टेकलात, भुंक. भुंकलं की माणूस आपल्याकडं पाहतो, हा शोध तिला लागला होता.

शेषरावजी खाली आले. बसलेही नाहीत. "आठ दिवस, कुंदाबाई."

ते गेल्यावर तुम्ही मला विचारलं, "हे 'बोल' कोणं शिकवलं वं तिले?"

"गिऱ्हाईकानं कोणी शिकवलं असन," मी म्हटलं.

तुम्ही माझ्याकडं पाहिलं. शाळेत तीस वर्षं खोटं ऐकलेली बाई. तुम्हाला कळलं होतं. मला कळलं की तुम्हाला कळलं. तुम्ही चष्मा पुसला आणि कामाला लागलात. तेव्हाच कान धरला असता तर बरं झालं असतं, ताई. मी आजपर्यंत त्या नजरेखाली बसले आहे.

मग तुम्ही तो शब्द मारला. दुसरा शब्द नाही त्याला. सकाळी शटर अर्धं वर करून स्टुलावर बसायच्या आणि हजेरी घेतल्यासारख्या कोरड्या आवाजात म्हणायच्या, "बोल." शाई भुंकायची. तुम्ही दुसरीकडं बघायच्या. तुकडा नाही, नजर नाही. "बोल." पुन्हा भुंक. तिसऱ्या दिवशी तर तिनं कहर केला, दुप्पट भुंकली. मला वाटलं, झालं, चालली रामाकोन्याला. तुम्ही म्हणालात, "असंच होते. सोडायच्या पहिले जास्त करते. आता आपण हारलो तं गेलं सगळं." आणि वर जाऊन शेषरावजींच्या आईच्या पायाशी बसून तेवढ्या दिवसांची माफी मागून आलात. गिऱ्हाइकांनाही कामाला लावलं. पानठेल्यावाले बंडूभाऊ दिवसातून दोनदा यायचे, "बोल, बोल, बोल" म्हणायचे आणि दगडासारखं तोंड करून परत जायचे. ती चूप बसली, की त्याच क्षणाला तुकडा. सहाव्या दिवशी तुम्ही म्हणालात, "बोल," आणि शाईनं मागच्या पायानं कान खाजवला. तुम्ही इतक्या हसलात की डोळ्यांतून पाणी आलं. मी टाईप करत राहिले. मान वर केली नाही.

शाई राहिली. आणि त्याच दुपारी तुम्ही त्याच हातानं माझ्या पत्रकावरून 'बोल बाई बोल' खोडलं.

"हे काहून खोडलं?" मी विचारलं.

"रोज रोज तेच म्हटलं की असं होते. पाहिलं ना? कान खाजवते माणूस."

"बाया कुत्र्या नाहीत, ताई!"

"म्या कुठं म्हटलं?"

"तुमच्या डबीतला तुकडा चूप राहणाऱ्याला मिळतो. आमच्या बायांना चूप राहून आजपर्यंत काय मिळालं? ऊनच ना? पाण्याची टाकी आली ती ओरडलो म्हणून आली!"

"ओरडली म्हणून नाही आली. तीन ओळी समजल्या म्हणून आली."

"तुम्हाला सगळे गुमान बसलेले पाहिजेत. मास्तरीण!"

"पोरी, पिल्लू आहे ते. त्याच्यावर तू आंदोलन चढवून राहिली."

माझ्या खोलीकडं जाणारी पांढुर्ण्याची बस लागली होती. मी झोला उचलला आणि निघाले. त्या भांडणाचा निकाल लागलेला नाही. अजूनही मला वाटतं की माझं बरोबर आहे. घोषणा मी परत छापली आहे, हे तुम्हाला कळावं म्हणून सांगते. तुमच्या तीन ओळीही तिच्याखाली आहेत.

अकरा दिवस मी आले नाही. बाराव्या दिवशी तुमच्या भावाचा फोन आला की तुमच्या छातीत दुखलं, नागपूरला नेलं. मी येऊन दुकानात राहिले, शाईजवळ. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही स्वतः फोन केलात. आवाज खोल गेलेला. मला वाटलं आता काहीतरी म्हणाल.

"खाल्लं का तिनं?"

"हाव."

"भुंकली तं नाही ना?"

"नाही."

"बसच्या भोंग्याले घाबरते ते, उगी म्हणत जा जरा."

तीन वाक्यं, तिन्ही तिची. प्रज्ञा म्हणून कोणी फोन धरला आहे, तिनं खाल्लं का, ती घाबरली का, एक अक्षर नाही. मी म्हटलं, "ताई, मला कामं आहेत इथं."

तुम्ही म्हणालात, "ठीक आहे."

संध्याकाळी तुम्ही गेलात. ते शेवटचं 'ठीक आहे' कुठं ठेवू, मला कळत नाही.

तेरवीच्या दिवशी दादारावभाऊ, तुमचे रामाकोन्याचे धाकटे भाऊ, टेम्पो घेऊन आले. मशीन गेलं, कपाट गेलं, कागदांचे गठ्ठे गेले. मागं पंगत बसली होती. भाऊ हातात साखळी घेऊन पुढं आले. शाई पायरीवर बसली होती.

"हे भुंकते का बरोबर? वानरं लय माजले बागेत. भुंकत असन तं नेतो." मग मला म्हणाले, "तुले सवय आहे हिची. भुंकवून दाखव."

ताई, आता नीट ऐका. मी शाईसमोर उकिडवी बसले. मला माहीत होतं की साखळी म्हणजे काय. शेषरावजींच्या जिन्यापासून, त्या साखळीपासून तिला वाचवायला तुम्ही सहा दिवस स्टुलावर बसला होतात, तेही माझ्या डोळ्यांसमोर होतं. आणि मनात एकच होतं. तीन वाक्यं, तिन्ही हिची. जाऊ दे हिला. मग तुम्ही उरलात तेवढ्या माझ्या एकटीच्या.

मी म्हटलं, "बोल."

स्पष्ट म्हटलं. सभेत म्हणते तसं. शाईनं माझ्याकडं पाहिलं. मी पुन्हा म्हटलं. मग तिसऱ्यांदा, मोठ्यानं, पंगतीतल्या बायांनी वळून पाहिलं इतक्या मोठ्यानं. शाईनं पुढचे पाय पसरले, त्यांवर हनुवटी ठेवली आणि डोळे मिटले.

"मुकी हाये काय वं हे?" दादारावभाऊ म्हणाले. "वानरापुढं असं लोळन तं संत्रं काय, झाडावर पान राहणार नाही." साखळी खांद्यावर टाकून ते टेम्पोकडं गेले.

तिला तुम्ही वाचवलं. माझ्यापासून वाचवलं. तुम्हाला जाऊन तेरा दिवस झाले होते, तरी तुमचं काम चालू होतं. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही, आईलाही नाही.

तुमच्या हातचं सगळं टेम्पोत गेलं. हे एवढंच गेलं नाही. म्हणून मी तिला उचललं. दया वगैरे काही नाही. झोल्यात बसवून पांढुर्ण्याच्या बसमध्ये चढले. कंडक्टर म्हणाला, "भुंकन तं उतरवून देईन." अख्ख्या रस्त्यात ती भुंकली नाही. घाट उतरताना भोंगा वाजला आणि झोला थरथरला. मी आजूबाजूला पाहिलं, कोणी बघत नव्हतं, मग झोल्यात तोंड घातलं आणि म्हटलं, उगी. आवाज काही तुमच्यासारखा आला नाही. फाटका आला. पण थरथर थांबली. मग मला रडू फुटलं. शेजारची बाई म्हणाली, "काय झालं वं माय?" मी म्हटलं, "काही नाही, धूळ गेली."

आता ती माझ्या खोलीवर असते. सकाळी उठून आपणहून बसते, नमस्ते करते, फेर घेते. तुमचा सगळा पाढा क्रमानं म्हणून दाखवते आणि दाराकडं पाहते. मी शाबास म्हणते. ती ऐकून घेते. तुमच्या शाबासला शेपटी जशी हलायची तशी माझ्याला हलत नाही, मी नीट पाहिलं आहे.

म्हणून मी ठरवलं की तुम्ही न शिकवलेलं काहीतरी शिकवायचं. घडी घातलेलं पत्रक तोंडात धरायचं, फाडायचं नाही, ओलं करायचं नाही, आणि बसलेल्या माणसाच्या मांडीवर नेऊन ठेवायचं. चूपचाप. तुमच्याच रीतीनं शिकवलं, खोटं कशाला बोलू: छोटा तुकडा, क्षणात शाबास, भुंकली की पाठ, जोश चढायच्या आधी बंद. किती पत्रकं चावून झाली त्याचा हिशेब नाही. दोनदा मी चिडून ओरडले, दोन्ही वेळा तीही भुंकली, आणि भिंतीकडं तोंड करून उभं राहायची पाळी माझ्यावर आली.

काल पॅकिंगच्या मैदानावर जेवणाची सुट्टी होती. बाया हिवराच्या झाडाखाली बसल्या होत्या, सावलीचं अजून झालेलं नाही. मी शाईच्या तोंडात पत्रक दिलं आणि आईकडं बोट केलं. ती गेली. खोकी ओलांडून, डबे उघडून बसलेल्या बायांच्या मधून, एका पोळीकडंही न पाहता. पत्रक आईच्या मांडीवर ठेवलं आणि बसली. बायांनी टाळ्या वाजवल्या. आईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, डोळे पुसले.

"कुंदाबाईनं किती शिकवून ठेवलं वं हिले," आई म्हणाली.

"नाही!" मी म्हटलं. "हे म्या शिकवलं! हे ताईले माहीतबी नव्हतं! हे माहं आहे!"

सगळ्या बाया माझ्याकडं पाहायला लागल्या. शाईही पाहायला लागली.

"हाव माय, तूनंच शिकवलं," आई म्हणाली. "पर एवढी कायले चिल्लावून राहिली?"